ग्लासवर पालथा हात

मला दोन तोंडं आहेत, मित्रांनो. एका तोंडात साठ मिलिलिटर मावतं, दुसऱ्यात तीस, आणि मधे मुंगीसारखी बारीक कंबर. दारू मोजायचा पितळी पेला आहे मी. अंगावरचा चांदीचा मुलामा बोटं लागून लागून बराच उडाला आहे. माझं माप मात्र अजून बिनचूक आहे. छाती फुगवून सांगावं असं माझ्याकडे एवढंच आहे, आणि लाजही मला त्याचीच वाटते.

माझा जन्म एका तांबटाच्या दुकानात झाला आणि जन्मतःच मी लबाड होतो. मला करून घेणारा एक बारमालक होता. तो तांबटाला म्हणाला, "बाहेरून साठ दिसू दे. आत पंचावन्न." तांबटाने मान हलवली आणि माझ्या मोठ्या तोंडाच्या तळाशी कथिलाचा पातळ थर ओतला. दिसायला मी देखणा. तीन वर्षं मी त्या बारमध्ये लाकडी फळीवर उलटासुलटा होत राहिलो. गिऱ्हाइकं म्हणायची, "च्यायला, आज चढत का नाही रे?" आणि बारमालक म्हणायचा, "जेवून आला असाल, शेठ."

मग एका सकाळी मापसाहेब आले.

ते सरकारी वजनमापं तपासणारे अधिकारी होते. बाजारात त्यांना सगळे मापसाहेबच म्हणत. त्यांच्याकडे रेघा आखलेली एक काचेची नळी होती. माझ्यात पाणी भरून त्यांनी ते नळीत ओतलं, नळी डोळ्यांसमोर धरली आणि आवाजही न चढवता म्हणाले, "पाच कमी." मला जप्त केलं.

खोट्या मापांचं पुढे काय होतं ते मी त्यांच्या कचेरीच्या आवारात पाहिलं. एक माणूस मोठा घण घेऊन उभा होता. दुधाची मापं, तेलाची मापं, एकेक दगडावर ठेवायचा आणि एका घावात चपटं करायचा. माझी पाळी आली तेव्हा मापसाहेबांनी मला उचललं आणि उन्हात फिरवून पाहिलं. "कारागिराचा हात चांगला आहे," ते म्हणाले. "खोट फक्त पोटात आहे."

त्यांनी मला त्याच तांबटाकडे नेलं आणि समोर उभं राहून विस्तवावर धरायला लावलं. कथिल वितळलं आणि माझ्या तोंडातून टपटप गळून पडलं. खूप भाजलं, पण पुन्हा नळीत मोजलं तेव्हा मी बरोबर साठ भरलो. मापसाहेबांनी माझ्या कमरेवर बारीक शिक्का मारला आणि तांबटाला म्हणाले, "बघ. खोट अशी काढायची. तापवून."

तेव्हा मला ते वाक्य फार आवडलं होतं. वाचलो होतो ना मी, आणि मापसाहेब मला आपल्याच घरी घेऊन निघाले होते.

त्यांच्या घरातली पहिली वर्षं आठवली की अजून बरं वाटतं. जेवणघरात काचेच्या दारांचं कपाट होतं. त्यात वरच्या फळीवर बाटल्या, खालच्या फळीवर जड बुडाचे सहा ग्लास, आणि कोपऱ्यात एका घडी घातलेल्या फडक्यावर मी. मापसाहेब फक्त शनिवारी घेत, संध्याकाळी सात वाजता, आणि एकच साठ. साठ माझ्यातून ग्लासात पडले की ते घड्याळ बघत आणि दहा मिनिटं ग्लासाला हात लावत नसत. "श्वास घेऊ दे तिला," म्हणत. मग औषधाच्या ड्रॉपरने पाण्याचे तीन थेंब. मग नुसता वास, तोंड किंचित उघडं ठेवून. पहिला घोट जिभेवर फिरवून गिळायला त्यांना इतका वेळ लागे की तेवढ्यात एखादा चहा करून आला असता. एवढ्या प्रेमाने आणि एवढ्या शिस्तीत पिणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यांच्या बायकोला आधी व्हिस्कीचा वाससुद्धा सहन होत नसे. तिला मी बाई म्हणतो. मापसाहेबांनी तिला चार-पाच शनिवार नुसता वास घ्यायला लावला. "अगं, वासाला घाबरतेस काय? धूर येतोय का बघ. मग मध. मग जुन्या लाकडासारखं काहीतरी." सहाव्या शनिवारी बाई म्हणाली, "संत्र्याचं साल." मापसाहेबांनी पुन्हा वास घेतला आणि कधी नव्हे ते हार मानली. संत्र्याचं साल होतंच.

त्यानंतर बाई त्यांच्याही पुढे गेली. तिला एकट्या व्हिस्कीपेक्षा कॉकटेल करण्यात जास्त गोडी होती. माझ्या लहान तोंडाने लिंबाचा रस, मोठ्या तोंडाने रम, वर आल्याचा पाक, आणि संत्र्याची साल ती चाकूने अशी काढायची की अख्ख्या फळाची एकच लांब फीत व्हायची. ती फीत तिने कधी तुटू दिली नाही. पाहुणे आले की आधी विचारायची, "तुम्हाला काय आवडतं?" मग करायची. पाहुणे ग्लास उचलून म्हणायचे, "वहिनी, हे काय आहे?" आणि ती म्हणायची, "आधी प्या, मग सांगते."

प्रवासासाठी मापसाहेबांनी कातडी पेटी करून घेतली होती. आत निळी मखमल, तीत तीन ग्लासांचे खळगे, एका बाटलीचा, ड्रॉपरचा, आणि अगदी माझ्या कमरेच्या आकाराचा माझा. पेटीला कुलूप होतं. आम्ही पुष्कळ गावं हिंडलो. दौऱ्यावर शनिवारचा नियम नसे, रोज एक साठ. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात पेटी उघडली की नव्या गावाची हवा आत यायची, आणि मापसाहेब म्हणायचे, "हीच बाटली इथे वेगळी लागेल बघ." आणि खरंच लागायची.

बाईचा एक धाकटा भाऊ होता. सहा फूट उंच. घरात त्याचं नाव बारक्या. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अक्षर इतकं सुरेख की माणसं पाटी बघायला थांबत आणि दुकानात शिरत. पण तो प्यायचा. पाण्यासारखा प्यायचा. हात कापायला लागला, अक्षरं वाकडी झाली, आणि एके दिवशी त्याची बायको मुलीला घेऊन माहेरी निघून गेली. तिने एकच अट घातली होती: वर्षभर एक थेंब नाही, तर परत येईन.

आणि बारक्याने सोडली, मित्रांनो. अकरा महिने सोडली. दर शनिवारी तो बहिणीकडे येऊन बसायचा. तुम्हाला वाटेल, दारूच्या कपाटासमोर कशाला? पण बाईने त्याच्यासाठी एक पेय शोधून काढलं होतं. माझं साठचं तोंड भरून आल्याचा रस, तीसचं भरून लिंबू, मध, सोडा, वर सालीची फीत. त्याच जड ग्लासात, तेवढ्याच काळजीने. ती त्याच्यासाठी रस मोजायची तेव्हा तिचा हात इतर कोणत्याही वेळेपेक्षा सावकाश चालायचा. माझ्यातून ओतलेलं सगळ्यात चांगलं पेय ते होतं. मी कितीतरी भारी बाटल्या मोजल्यानंतर हे सांगतो आहे.

मापसाहेब त्याला सरबतराव म्हणायचे. "या, सरबतराव! बसा. आज आलं कडक आहे, झेपेल ना?" पाहुणे हसायचे. बारक्याही हसायचा. बाई हसायची नाही.

बाराव्या महिन्यात मापसाहेबांचा दौरा निघाला, डोंगरावरच्या एका गावी. बाई म्हणाली, "बारक्याला बरोबर घेऊ या. शेवटचा महिना आहे, एकटा नको राहायला." बोलली तीच. पुढे कितीतरी वर्षं काचा पुसताना ती हे वाक्य स्वतःशी पुटपुटायची, ते मी कपाटातून ऐकलं आहे.

पहिल्याच दिवशी दुपारी चार वाजता धुकं उतरलं. व्हरांड्यात तीन वेताच्या खुर्च्या होत्या. मापसाहेबांनी पेटी उघडली, नवी बाटली फोडली आणि तिन्ही ग्लास मांडले. बाईने आलं किसायला घेतलं, तेव्हा ते म्हणाले, "ते राहू दे."

बारक्याने आपल्यासमोरच्या ग्लासवर हात पालथा ठेवला. नखांत निळा रंग होता. "नको, भावजी."

"का?"

"का म्हणजे? सोडलीय मी."

"सोडलीस म्हणजे काय केलंस? लांब राहिलास. लांब तर दगडही राहतो. समोर बसून एक घ्यायचा आणि थांबायचं, याला सोडणं म्हणतात." त्यांनी मला उचलून त्याच्या डोळ्यांसमोर धरलं. "हा पेला खोटा होता, ठाऊक आहे ना? मी याला फडक्यात गुंडाळून ठेवला असता तर खरा झाला असता का?"

"अहो, तो पेला आहे," बाई म्हणाली. "हा माझा भाऊ आहे."

"तू मधे बोलू नकोस." मग ते बारक्याकडे वळले. "तुझ्या बायकोचं पत्र आलंय मला. म्हणते, 'भावजी, तुमचा शब्द शेवटचा. तुम्ही म्हणालात तो सुधारला, तर मुलीला घेऊन येते.' आता मी शिक्का मारायचा. न तपासता मारू?"

बारक्याने मान वर केली. "तिने तुम्हाला विचारलंय?"

"मलाच विचारणार. बाकी कोणाच्या शब्दाला किंमत आहे तुमच्या घरात?"

 बारक्याने हात काढला नाही. मग मापसाहेबांनी त्याचा अंगठा धरून उचलला. "एक," ते म्हणाले. मग तर्जनी. "दोन." लहान मुलाशी खेळावं तसे हसत हसत. "एकच साठ रे. मोजून. एकाने काय होतं?" पाच झाले तेव्हा बारक्याचा हात मांडीवर पडला होता, आणि मी ग्लासवर वाकलो होतो.

मला थांबता आलं असतं का? पेल्याला थांबता येत नाही. मी पुरते साठ ओतले.

दहा मिनिटं मापसाहेबांनी त्याला थांबवलं. पाण्याचे तीन थेंब घातले. वास घ्यायला लावला. बारक्याचे डोळे भरून आले, आणि मापसाहेबांना वाटलं की ते चवीने आले. पहिला घोट गिळून तो म्हणाला, "छान आहे, भावजी." ग्लास संपला आणि तो खरंच थांबला. हातही कापत नव्हता. मापसाहेब मांडीवर थाप मारून म्हणाले, "पाहिलंस? तापवल्याशिवाय कळत नाही!" दुसऱ्या दिवशीही एकच. बाईने दोन्ही दिवस आपला ग्लास भरूच दिला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मापसाहेब बाजार तपासायला निघाले. बाईने पेटीला कुलूप लावलं. त्यांनी किल्ली मागून घेतली, कुलूप काढलं आणि पेटी टेबलावर उघडीच ठेवली.

"अहो, असं नका करू. पाया पडते."

"कुलूप लावल्यावर तपासणी कसली? आणि तूही चल माझ्याबरोबर. तू इथे राखण करत बसलीस तर परीक्षा तुझी होईल." बारक्याला म्हणाले, "एक अट. मापाशिवाय एक थेंब नाही. शब्द दे."

बारक्याने शब्द दिला.

ते गेल्यावर तो माझ्यासमोर येऊन बसला. तासभर तरी बसला असेल. मग त्याने एक ग्लास समोर घेतला, त्यावर आपला डावा हात पालथा ठेवला, आणि उजव्या हाताने आपलीच बोटं एकेक करून उचलली. एक. दोन. तीन. मोजताना भावजींसारखा हसत होता. मग मला उचललं, काठोकाठ भरलं आणि ओतलं. प्रत्येक वेळी असंच. हात ठेवायचा, बोटं उचलायची, मोजायचं. माझ्याशिवाय एक थेंब घेतला नाही त्याने. शब्दाचा पक्का होता. शेवटच्या वेळी बाटलीत माझ्या लहान तोंडापुरतंच उरलं होतं, तर त्याने मला उलटं केलं आणि तीसही नीट मोजले.

दुपारी ते दोघं परतले तेव्हा बारक्या व्हरांड्यात फरशीवर, भिंतीला टेकून बसला होता. मी त्याच्या मुठीत होतो. "भावजी," तो म्हणाला, "मोजूनच."

मापसाहेबांनी रिकामी बाटली उजेडात धरली. सातशे पन्नासची बाटली. दोन दिवसांचे चार साठ गेलेले. "आठ साठ आणि एक तीस," ते म्हणाले. "बरोबर जमतं."

त्याच टेबलावर बसून त्यांनी बारक्याच्या बायकोला पत्र लिहायला घेतलं. बाई त्यांच्या हाताला धरून म्हणत होती, "लिहू नका हो. तुम्हीच पाजलीत त्याला. तुम्हीच!" त्यांनी तिची बोटं सोडवली. रागावलेसुद्धा नाहीत. "खोटा शिक्का मी आयुष्यात मारला नाही," म्हणाले आणि लिहीत राहिले.

बायको आली नाही. मुलगी आली नाही. बारक्या वर्षभर जगला. एका दुकानाची पाटी रंगवताना भर दुपारी शिडीवरून पडला. त्या पाटीवरचं शेवटचं अक्षर अर्धंच रंगवून झालं होतं म्हणे. समाचाराला आलेल्या माणसांना मापसाहेब म्हणाले, "काय करणार. पोटातली खोट निघालीच नाही."

आणि त्याहून वाईट पुढे झालं. त्यांना ती गोष्ट सांगायची चटक लागली. शनिवारी पाहुणे जमले, ग्लास भरले, दहा मिनिटं थांबायची वेळ आली की ते मला हातात घेत. "या पेल्याची गंमत सांगतो. आमच्या मेहुण्याने एकदा याने मोजून बाटली संपवली. आठ साठ आणि एक तीस! पण मापाशिवाय थेंब नाही हं!" पाहुणे खो खो हसत. कोणी तरी विचारी, "आता काय करतात मेहुणे?" तेव्हा ते घड्याळाकडे बघत आणि म्हणत, "श्वास घेऊन झाला तिचा. उचला." बाई ओट्याशी उभी राहून संत्र्याची साल काढत असे. ती फीत तेव्हाही तुटली नाही.

असे अकरा हिवाळे गेले. मापसाहेब निवृत्त झाले आणि एका सकाळी दाढी करता करता खाली बसले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात तेवढा हलायचा, आणि डोळे. पलंग जेवणघरात आणला, कपाटाच्या अगदी समोर. आता मी आणि ते एकमेकांकडे बघत असू.

डॉक्टर बाईला बाजूला घेऊन म्हणाले, "आता फार दिवस नाहीत. काही इच्छा असेल तर पुरवा. शनिवारचं त्यांचं ते, चमचा-दोन चमचे दिले तरी चालेल. आता कशाला अडवायचं?"

"देईन ना," बाई म्हणाली.

शनिवारी सात वाजता तिने दिवा लावला, त्यांना उशांना टेकून बसवलं, त्यांची सगळ्यात आवडती बाटली काढली. मला फडक्याने पुसलं. काठोकाठ साठ भरून ग्लासात ओतले आणि ग्लास त्यांच्या समोरच्या पाटावर ठेवला. दहा मिनिटं घड्याळ बघितलं. ड्रॉपरने तीन थेंब. मग ग्लास त्यांच्या नाकाशी धरला. त्यांचे डोळे मिटले, ओठ हलायला लागले. डावा हात ग्लासकडे निघाला. बाईने तो हात मधेच अलगद धरला आणि ग्लासवर पालथा ठेवला.

"नको म्हणताय?" ती म्हणाली. "बरं. आपल्या घरात नको म्हटलेलं ऐकतात."

आणि ग्लास उचलून त्यांच्यासमोर सावकाश प्यायली. घोट जिभेवर फिरवून. "धूर," ती म्हणाली. "मग मध. मग जुनं लाकूड."

पुढच्या शनिवारी तेच. मग शनिवारची वाट कशाला, म्हणून रोज. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि ती ते तोंडावरून टॉवेल फिरवून पुसायची. मारलं नाही, शिवी दिली नाही, औषध चुकवलं नाही. शेजारीण म्हणायची, "किती करता हो त्यांचं!" मी रोज तिच्या हातात होतो. रोज बिनचूक साठ.

महिन्याभरानंतरची एक संध्याकाळ. तिने ग्लास ठेवला, दहा मिनिटं झाली, थेंब घातले. ती हात धरायला वाकली, आणि त्याच्या आधीच मापसाहेबांनी आपला डावा हात स्वतः उचलला आणि ग्लासवर पालथा ठेवला. बोटं घट्ट होती. त्यांनी बाईकडे पाहिलं. त्या नजरेत मागणं नव्हतं, राग नव्हता. फक्त नको होतं.

बाई थांबली. मला वाटलं, संपलं. आता ती ग्लास उचलेल, बाटलीला बूच लावेल, आणि मला धुऊन ठेवेल. घड्याळाची टिकटिक मी मोजत होतो.

मग ती त्यांच्याजवळ पलंगावर बसली. त्यांचा अंगठा धरून उचलला.

"एक," ती म्हणाली. "दोन." अगदी गोड आवाजात. "एकच हो. मोजून. एकाने काय होतं?"

पाच झाल्यावर तिने चमचा घेतला. ते ओठ दाबून धरत होते. तिने चमच्याने ते उघडले. निम्मं आत गेलं, निम्मं हनुवटीवरून सदऱ्यात. दुसरा चमचा. तिसरा. ग्लास संपेपर्यंत. रात्रभर त्यांना ठसका लागला होता, आणि चौथ्या दिवशी ते गेले.

तेव्हापासून बाईने कपाट उघडलेलं नाही. त्या संध्याकाळी मला धुतलं, पुसलं आणि साठच्या तोंडावर पालथं ठेवलं, तसाच मी आहे. काचेतून ती मला दिसते. सात वाजले की जेवणाच्या टेबलाशी बसते, समोर काहीही नसतं, आणि टेबलावर हात पालथा ठेवून स्वतःच्याच बोटांकडे बघत राहते.

मित्रांनो, माझ्यासारखे म्हातारे पेले शेवटी सांगतात की आम्हाला घासत जा, पुसत जा, अडगळीत टाकू नका. मी तसं काही मागत नाही. मी कधी तुमच्या हाती आलो, तर आनंदाने वापरा. सावकाश प्या, वास घ्या, सालीची फीत तुटू देऊ नका. ज्याला नको असेल त्याच्यासाठी तेवढ्याच प्रेमाने आल्याचा रस मोजा. पण समोर कोणी ग्लासवर हात पालथा ठेवला, तर त्याची बोटं मोजू नका. मला खाली ठेवा. मला स्वतःहून खाली बसता येत नाही. आलं असतं तर दोनदा बसलो असतो.